पालमचे लिबरेटर आणि त्याची पाच भावंडे

दिवाळीच्या सुट्टीसाठी इतिहासाच्या सरांनी दिलेला विषय एका ओळीचा होता : दुसऱ्या महायुद्धातले एखादे दुर्मिळ यंत्र निवडा आणि ते आज कुठे आहे याचा माग काढा. अट एकच होती. वहीतल्या कोणत्याही वाक्यावर सरांनी "कशावरून?" असे विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे.

मी निवडले फा-३३०. वर्गात कोणी हे नाव ऐकले नव्हते, म्हणूनच ते निवडले हे आधी कबूल करतो. पण शोध घेता घेता मी दुसऱ्याच विमानापाशी जाऊन पोचलो, आणि ते विमान माझ्या घरातले निघाले. ते कसे, ते या लेखात सांगतो.

पाणबुडीला बांधलेला पतंग

फा-३३० हे जर्मनीच्या फोके-आखगेलिस कंपनीचे यंत्र. त्याला विमान म्हणावे की पतंग, हा प्रश्नच आहे. नळ्यांचा एक सांगाडा, एका माणसाची बैठक आणि डोक्यावर तीन पात्यांचे फिरते चक्र. इंजिन नाही. पाणबुडी पाण्यावर येऊन वेगाने चालू लागली की समोरून वारा मिळतो, पाती आपोआप फिरू लागतात आणि बसलेला माणूस दोरखंडाच्या टोकाला वर चढतो. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन पाती फिरवते, इथे वारा फिरवतो. फरक एवढाच, पण त्यामुळे यंत्राचे वजन पाऊणशे किलोच्या आसपास राहिले. सुटे करून ते पाणबुडीवरच्या नळकांड्यांत ठेवता येत असे.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे जितके उंच जावे तितके क्षितिज लांब जाते. हिशोब सोपा आहे : डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. पाणबुडीच्या बुरुजावर समुद्रापासून ५ मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाला ८ किलोमीटरपर्यंतचा समुद्र दिसतो. तोच माणूस १२० मीटर उंच गेला, तर ३९ किलोमीटरपर्यंतचा दिसतो. म्हणजे जवळजवळ पाचपट.

या पतंगाचे टोपणनाव होते बाखश्टेल्झ, म्हणजे आपल्याकडे नदीकाठी शेपूट हलवत फिरणारा परीट पक्षी. या परिटाचा आपल्या समुद्राशीही संबंध आहे. अटलांटिकवर शत्रूची विमाने फार होती, म्हणून तो प्रामुख्याने दूरच्या पाण्यात, हिंदी महासागराकडे जाणाऱ्या मोठ्या पाणबुड्यांवर दिला गेला. ऑगस्ट १९४३ मध्ये यू-१७७ या पाणबुडीने त्याच्या मदतीने एक ग्रीक मालवाहू जहाज हेरले आणि बुडवले. एफ्थालिया मारी हे त्या जहाजाचे नाव. परिटाच्या खात्यावर नक्की सांगता येईल असे यश हे एवढेच.

तोटा उघड होता. शत्रूचे विमान दिसले की पाणबुडीला तातडीने बुडी मारावी लागते, आणि वरचा माणूस तर दोराला बांधलेला. अशा वेळी त्याने एक खटका ओढायचा, चक्र सुटून वर उडून जायचे, जाता जाता त्याचे पॅराशूट उघडायचे, आणि तो समुद्रात. पुढे पाणबुडी त्याला उचलायला परत येईल की नाही, हे शत्रूवर अवलंबून. नौदलात जायची इच्छा असलेल्या माझ्या रूममेटने हे वाचून वही मिटली आणि म्हणाला, "मी खालीच बरा."

असे पतंग सुमारे २०० बनले. आज त्यांतले अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या उद्वार-हेझी केंद्रात आणि ओहायोतील डेटनच्या वायुसेना संग्रहालयात आहेत, इंग्लंडमध्ये कॉसफर्डला आणि डक्सफर्डला आहेत, आणखीही काही ठिकाणी आहेत. इतक्या कमी बनलेल्या वस्तूचे इतके नमुने कसे उरले? कारण बहुतेक पतंग वापरलेच गेले नाहीत. युद्ध संपले तेव्हा ते जसेच्या तसे जेत्यांच्या हाती लागले. वस्तू नवलाची होती, लहान होती, तपासणीसाठी सहज उचलून नेता आली.

माझ्या वहीत पहिला नियम लिहिला गेला : न वापरलेली वस्तू टिकते.

पालमला

वडिलांचे पोस्टिंग सध्या दिल्लीला आहे, त्यामुळे सुट्टीत मी दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरवर होतो. साताऱ्याहून आजोबाही दिवाळीला आले होते. पालमचे वायुसेना संग्रहालय जवळच. फा-३३० तिथे नाही हे मला माहीत होते, पण त्याच काळातले दुसरे काहीतरी पाहावे म्हणून निघालो. आजोबा म्हणाले, "मी येतो. माझं तिथं एक काम आहे."

पालमचे संग्रहालय १९६७ साली स्थापन झाले. तिथे महायुद्धाच्या काळातली स्पिटफायर, हरिकेन, टेम्पेस्ट ही विमाने आहेत. त्याआधीच्या काळातले, आपल्या हवाई दलाने सुरुवातीला वापरलेले वापिटीही आहे, आणि जगात शिल्लक असलेले ते एकमेव पूर्ण वापिटी आहे. जपानचे ओहका पण आहे. ओहका म्हणजे चेरीचा बहर. नाव सुंदर, पण ती नाकात १२०० किलो स्फोटके भरलेली, रॉकेटवर चालणारी, माणसासह शत्रूच्या जहाजावर आदळायची वस्तू होती. परिटावरच्या माणसाला निदान पॅराशूट होते. ओहकात बसणाऱ्याला परत यायचेच नव्हते. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

आजोबा मात्र थांबले नाहीत. ते सरळ एका मोठ्या चार इंजिनांच्या विमानाकडे गेले. पंखांचा पसारा साडेतेहतीस मीटर, शेपटीला दोन उभे पडदे, अंगावर आपल्या हवाई दलाचे तिरंगी गोल चिन्ह, आणि क्रमांक एचई ९२४. बी-२४ लिबरेटर.

"हे आमचं," आजोबा म्हणाले.

मला घरात एवढेच माहीत होते की आजोबा हवाई दलात इंजिन फिटर होते. लोहगावला १९६६ ते १९६८ ते ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये होते आणि तिथे लिबरेटर होती, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. खरे तर मी कधी विचारलेच नव्हते.

सकाळी पंखा फिरवायचा

आजोबांनी इंजिनाकडे बोट करून मला धडा दिला. या विमानाचे इंजिन चौदा सिलिंडरचे, प्रत्येकी सुमारे १२०० अश्वशक्तीचे. सिलिंडर गोलाकार मांडलेले, म्हणजे काही वर तोंड करून, काही खाली. विमान रात्रभर उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तशातच इंजिन चालू केले तर काय होईल?

मी म्हणालो, "धूर येईल."

"धूर तर येईलच. पण हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. दट्ट्या तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी सगळ्यात आधी आम्ही प्रोपेलर हातानं फिरवायचो. एकेक पातं ढकलत. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, प्लग काढून तेल सोडायचं. मग एफ-७०० वर सही, मग पायलट."

एफ-७०० म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही. विमान उडण्याजोगे आहे असे त्यात सही करून सांगायचे, आणि ती सही वाचून पायलट विमान ताब्यात घेणार. आजोबा तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठे.

कानपूरचे भंगार

घरी आल्यावर मी परिटाची वही बाजूला ठेवली आणि लिबरेटरची उघडली.

महायुद्धात लिबरेटर १८ हजारांहून अधिक बनली. अमेरिकेने इतक्या संख्येने दुसरे कोणतेही लष्करी विमान बनवलेले नाही. तरी आज जगात पूर्ण अवस्थेतली लिबरेटर डझनभरच्या आसपास आहेत. परिटाशी तुलना करा : २०० पैकी काही, आणि १८ हजारांपैकीही तेवढीच काही. युद्ध संपल्यावर अमेरिकेत ऍरिझोनातील किंगमनसारख्या ठिकाणी बॉम्बर रांगेने उभे केले गेले आणि ऍल्युमिनियमसाठी वितळवले गेले.

भारतातली गोष्ट वेगळी झाली. बंगालमधल्या साल्बोनी, दिग्री अशा तळांवरून ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर ब्रह्मदेशावर हल्ले करत. ही विमाने अमेरिकेने उधार-करारावर दिलेली होती. युद्धानंतर ती दुसऱ्या कोणाला वापरता येऊ नयेत, अशी कराराची अट होती. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर जमा केलेली विमाने ब्रिटिशांनी जाता जाता निकामी केली. उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू ओतली, सांगाडे मोडले.

१९४७-४८ मध्ये काश्मीरची लढाई सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मोठे बॉम्बर विमान नव्हते. मग बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या लोकांनी कानपूरच्या त्या ढिगाऱ्याकडे पाहिले. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये सुरू केली होती. युद्धकाळात तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत असे, म्हणून कारागिरांचा हात तयार होता. कानपूरला त्यांनी एका विमानाचे चाक, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची शेपटी असे करत, बंगळुरूपर्यंत पोचतील इतपत विमाने उभी केली. ती उडवत नेली कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी. बंगळुरूला त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ नंबर स्क्वाड्रन याच विमानांवर उभे राहिले. पुढे चाळीसच्या आसपास लिबरेटर अशी पुन्हा उडती झाली.

५ नंबरला १९५७ मध्ये कॅनबेरा जेट मिळाली. पण १९५१ मध्ये पुण्यात लिबरेटरवर पुन्हा उभे राहिलेले ६ नंबर स्क्वाड्रन समुद्रावर टेहळणी करत राहिले, थेट १९६८ अखेरपर्यंत. तोवर जगात इतर सगळीकडची लष्करी लिबरेटर थांबली होती. पाहा, परिटाचे काम तेच लिबरेटरचे झाले : उंच जाऊन समुद्र न्याहाळणे.

वहीतला पहिला नियम मला खोडावा लागला. न वापरलेली वस्तू टिकते हे खरे, पण कोणीतरी दुरुस्त करून वापरत राहिले तरी ती टिकते. लिबरेटर जपण्यासाठी आपण उडवली नाहीत. दुसरे विमान नव्हते म्हणून उडवली. आणि रोज सकाळी पंखा फिरवणारे हात होते म्हणून ती वीस वर्षे उडली.

भावंडे कुठे गेली

तोवर जगातल्या संग्रहालयांच्या लक्षात आले होते की उडणारी लिबरेटर पाहिजे असेल तर भारतात जावे लागेल. त्यातून पालमची धरून सहा विमानांचा माग मला लागला.

एक १९६८ मध्ये कॅनडाला गेले. ते ओटावाच्या विमान संग्रहालयात आहे. बदल्यात कॅनडाने आपल्याला लायसँडर हे छोटे विमान दिले, तेच आज पालमला आहे. म्हणजे ही अदलाबदल झाली, जुन्या बाजारात भांड्यावर भांडे घेतात तशी.

दुसरे, आपला क्रमांक एचई ८७७, १९६९ मध्ये अमेरिकेत ऍरिझोनातील ट्यूसनच्या पिमा संग्रहालयासाठी उडत गेले. ज्या ऍरिझोनात त्याच्या जातीची विमाने वितळवली गेली, तिथेच ते आता जपून ठेवले आहे.

तिसरे, एचई ८०७, भारताने १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिले. ते आज लंडनच्या हेंडनमध्ये आहे.

चौथे फ्लोरिडातील केर्मिट वीक्स यांच्या फँटसी ऑफ फ्लाइट या संग्रहात आहे.

पाचवे सर्वांत उशिरा गेले. ते सुटे करून, मालवाहू विमानात घालून आधी इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये ते अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले आणि दुरुस्तीनंतर १९८९ मध्ये पुन्हा उडाले.

सहावे पालमला राहिले. आजोबा ज्याच्याकडे चालत गेले, ते.

रंगाखालचा रंग

आता मुख्य मुद्दा. हेंडनचे विमान पाहायला गेलात तर त्यावर एचई ८०७ दिसणार नाही. तिथे ते केएन ७५१ आहे, १९४५ मध्ये कोकोस बेटांवर ब्रिटिशांच्या ९९ स्क्वाड्रनमध्ये असतानाच्या रंगात. पिमाच्या विमानाला इंग्लंडमधून लढलेल्या एका अमेरिकी बॉम्बरचे नाव व रंग दिले आहेत. ओटावाचे कॅनडाच्या हवाई दलाच्या रंगात आहे. कॉलिंग्जच्या विमानाने तर एकाहून अधिक अमेरिकी विमानांची नावे मिरवली आहेत.

पहिल्यांदा मला राग आला. ही विमाने महायुद्धात वर्ष-दीड वर्ष वापरली गेली असतील, आपल्याकडे मात्र वीस-वीस वर्षे उडाली. तो सगळा काळ रंगाखाली गेला.

मी हे तावातावाने सांगितल्यावर आजोबांनी विचारले, "आणि आपलं लायसँडर?"

मी गप्प झालो. १९४२ मध्ये के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली आपले १ नंबर स्क्वाड्रन ब्रह्मदेशात लायसँडरवर लढले. ती विमाने मुंबईकरांच्या देणगीतून आलेली होती. पालमचे लायसँडर त्यांची आठवण देत उभे आहे, पण ते विमान स्वतः कॅनडाचे. त्याने मजुमदारांना कधी पाहिले नाही. प्रत्येक देश जुन्या यंत्राला आपली गोष्ट सांगायला लावतो. त्यात खोटेपणा नाही, पण पाहणाऱ्याने रंगावर थांबू नये. क्रमांक विचारावा, त्याआधीचा क्रमांक विचारावा.

फोटो

आजोबांच्या ट्रंकेत एक फोटो आहे. लोहगावचा तळ, मागे लिबरेटर, पुढे ओव्हरऑल घातलेले सात जण. डावीकडून तिसरे आजोबा. मी वहीत शेवटचे वाक्य आधीच लिहून ठेवले होते : "पालमचे एचई ९२४ हे माझ्या आजोबांच्या हाताखालून गेलेले विमान आहे." फक्त फोटोत क्रमांक वाचायचा बाकी होता.

मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. जिथे क्रमांक असायला हवा, नेमक्या तिथे शिडी लावून एक जण उभा आहे. दिसतो फक्त "एचई", आणि तो तर सगळ्यांवरच असतो.

मी म्हणालो, "आजोबा, तुम्हीच तर म्हणालात, हे आमचं."

"आमचं म्हटलं. माझं नाही म्हटलं," ते म्हणाले. "असल्याच विमानांवर काम केलं. हेच होतं का, ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. सही करायच्या आधी खात्री करायची, हीच माझी नोकरी होती. तू पण तसंच कर."

मी ते वाक्य खोडले. खोडताना वाईट वाटले, हे खरे आहे. इतकी भारी शेवटची ओळ हातची गेली. पण सरांनी "कशावरून?" विचारले असते, तर माझ्याकडे शिडीवरच्या माणसाची पाठ सोडून काही नव्हते.

आजोबा थोड्या वेळाने म्हणाले, "विमान राहिलं, बरं झालं. आमच्या सह्या कुठं गेल्या कुणास ठाऊक."

तुमच्यासाठी

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कोणी ना कोणी वर्दीत होते. पुढच्या सुट्टीत एवढे करा.

पहिले, विचारा. युनिट, ठिकाण, साल, आणि नेमके काम काय होते ते. "फौजेत होते" एवढ्यावर थांबू नका.

दुसरे, त्यांनी हाताळलेले यंत्र आज कुठे उभे आहे ते शोधा, आणि जमल्यास त्यांना सोबत घेऊन जा. फलकावर न लिहिलेले बरेच काही ते सांगतील.

तिसरे, फोटोच्या मागे नावे लिहून घ्या, आजच. आमच्या फोटोतल्या सात जणांपैकी आजोबांना पाच नावे आठवली. ती मी पेन्सिलने फोटोमागे लिहिली. उरलेल्या दोन जागी आडवी रेघ ओढून ठेवली आहे.

चौथे, खात्री नसेल ते लिहू नका.

माझ्या वहीचे शेवटचे वाक्य आता असे आहे : "एचई ९२४ हे भारतीय हवाई दलाचे लिबरेटर आज पालमला उभे आहे. माझ्या आजोबांनी १९६६ ते १९६८ या काळात लोहगावला असल्याच विमानांच्या इंजिनांची देखभाल केली." सरांनी त्यापुढे "कशावरून?" असे लिहिले नाही. बरोबरची खूण केली.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी